सलाइन लावा, पण सिनेमा दाखवा!

एरवी मीरा रोडच्या काशीमीरा नाक्यावर डोळ्यांत पाणी येतं ते ट्रॅफिकमुळे. घोडबंदरकडून आलेला कंटेनर आडवा, दहिसरचा टोलनाका तुंबलेला, वर धूळ आणि हॉर्न. रडायला इतकी फुकट सोय असताना इथली पोरं २०२५च्या जुलैत तिकीट काढून रडायला गेली! तेही मल्टिप्लेक्सच्या दराने! वर पॉपकॉर्न घेऊन! काय म्हणावं या पिढीला?

मुहूर्तही बघा कसा साधला. १८ जुलै, शुक्रवार. मराठीच्या प्रश्नावरून मीरा-भाईंदर आधीच तापलेलं, त्यात त्या दिवशी मीरा रोडला राज ठाकरे यांची सभा. आणि त्याच दिवशी मोहित सुरींचा 'सैयारा' पडद्यावर, शेजारी संजय जाधवांचा 'ये रे ये रे पैसा ३'. बाहेर मराठीचा गजर, आत हिंदीत हुंदके! पुढचं रामायण सगळ्यांना ठाऊक आहे. 'सैयारा'च्या गर्दीपायी मराठी सिनेमाचे शो उडाले, मनसेचे अमेय खोपकर खवळले, संजय राऊत यांनीही मल्टिप्लेक्सवाल्यांना खडसावलं. अगदी रास्त! आपणही तावातावाने माना डोलावल्या. फक्त रात्रीच्या शोला आपण कुठे होतो, ते कुणी विचारू नये.

बरं, 'सैयारा'ची गोष्ट तरी काय? नायिका वाणी, वय वर्षं बावीस, हाती कवितांची वही आणि आजार अल्झायमर. बावीस! डॉ. अल्झायमर यांना १९०१ साली जी रुग्ण भेटली आणि पुढे ज्या आजाराला त्यांचं नाव मिळालं, ती बाईसुद्धा ५१ वर्षांची होती. पण सिनेमातल्या आजाराला घाई फार. आणि स्वभावाने किती गोड! नायिकेच्या केसांची बट हलत नाही, काजळ फिसकटत नाही, गाणं सुरू झालं की आजार अदबीने बाजूला उभा राहतो. काजळ फिसकटतं ते मागच्या रांगेतल्या कॉलेजकन्यांचं.

आणि थेरं तरी किती! कुणी शर्ट काढून नाचला, कुणाला भोवळ आली, कुणाला मैत्रिणींनी धरून बाहेर नेलं. एक महाभाग तर हाताला सलाइन लावून थिएटरात बसला, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला! बाटली कुणी धरली होती? मध्यंतरात बदलली का? नर्ससाठी वेगळं तिकीट काढलं का? प्रश्नच प्रश्न!

अहान पांडे आणि अनीत पड्डा ही नवीकोरी जोडी. प्रदर्शनाआधी त्यांच्या मुलाखतींचा रतीबही नव्हता. तरी देशातला गल्ला तीनशे कोटींच्या वर गेला. तो काय एकट्या पोराटोरांनी भरला? ज्यांच्या खिशात शेअर रिक्षापुरतेही सुटे नसतात, त्यांनी? त्या रिक्षाचंच घ्या. स्टेशनहून काशीमीऱ्याला येताना 'सैयारा'चं गाणं लागलं की मागचे तिघे अनोळखी एका सुरात गप्प. उतरल्यावर रिक्षावाला सुटे द्यायचं विसरतो, आणि नवल म्हणजे गिऱ्हाईक मागायचंही विसरतं!

मावशी, तुम्ही नाक मुरडू नका. १९७८ साली 'अखियों के झरोखों से' बघून पदर कुणाचा भिजला होता? नायक आपला सचिन पिळगावकर, रंजिताची लिली, तिला ब्लड कॅन्सर. झालं, अख्ख्या चाळीचे डोळे सुजले! तेवढ्यावर भागलं नाही म्हणून २०११ साली सचिन यांनी 'जाना पहचाना' काढून रंजिताला पुन्हा आणलं. गोरे तरी कुठे शहाणे? 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'मधली कर्करोगाने ग्रासलेली दोन कोवळी पोरं अ‍ॅमस्टरडॅमला कालव्याकाठच्या बाकावर बसली, तर २०१४ साली तो बाकच गायब झाला! त्या सिनेमाचा हिंदी अवतार 'दिल बेचारा' आपण २०२०च्या टाळेबंदीत घरीच पाहिला. तेव्हा निदान बाथरूमचा नळ सोडून रडायची सोय होती.

वाणी सगळं विसरली म्हणून आपण रुमाल भिजवले. आणि चौथ्या मजल्यावरचे आजोबा 'तू कुणाचा रे?' हे तिसऱ्यांदा विचारायला लागले की लिफ्ट सोडून जिना कोण धरतं? आपणच! आजोबांच्या मागे गिटार वाजत नाही ना.

काय म्हणता, तुम्ही पाहिलाच नाही? असल्या रडगाण्यांना वेळ कुणाला आहे? मग काढा तो मोबाइल. सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं कुठलं, ते बघू द्या चारचौघांना. का हो, पासवर्ड आठवत नाही? असू दे. बाविसाव्या वर्षी पण होतं म्हणे असं!