लगीनघाई

धार-देवासकडच्या विधायकजींना गाठायचं तर भोपाळला जाऊ नये. तिथे विधानसभेच्या २३० जणांत ते सापडायचे नाहीत. वैशाखात कुठल्याही मॅरेज गार्डनच्या दाराशी उभं राहावं. पांढरी गाडी येतेच. एका तिथीला पंधरा पत्रिका. उतरता उतरता पट्ठ्या कानाला लागतो, "मुलीकडचे पटेल", आणि विधायकजी नवऱ्याच्या काकाला कडकडून मिठी मारतात. काका चुकला तरी मिठी मनापासूनची असते. लिफाफा, फोटो, हातातला रसगुल्ला पट्ठ्याच्या हाती, की पुढचा मांडव. नवरा-नवरीची नावं त्यांना ठाऊक नसतात. घरात मतं किती, ते तोंडपाठ असतं.

लग्न चुकलं तर समजून घेतात, उठावणा चुकला तर नाही. मेलेला मत देत नाही, पण त्याचे चार मुलगे देतात, आणि कोण आलं नव्हतं हे तेच चौघे जन्मभर लक्षात ठेवतात.

ही धावाधाव वेडेपणाची नव्हे. २००८ साली धारहून नीना वर्मा निवडून आल्या त्या एका मताने. अक्षरशः एका! प्रकरण पुढे न्यायालयात गेलं, पण तो आकडा माळव्यातल्या पुढाऱ्यांच्या छातीत रुतून बसला असणार. शिवाय मतदान गुप्त. ते एक मत माझंच, असं धारमध्ये कुणीही ठणकावून सांगावं. खोडून काढण्याची कुणाची टाप नाही.

देवासची तऱ्हा निराळी. एवढ्याशा गावात पवारांच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खासगी सचिव होते. त्या दिवसांवर त्यांनी पुढे पुस्तकच लिहिलं. १९४८ साली संस्थानं विलीन झाली, पण थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार १९९० पासून २०१५ साली वारेपर्यंत इथले विधायक होते आणि त्यांच्यामागे गायत्रीराजे. ज्या घराण्याला पणजोबांनी मुजरे केले, त्याने आता दर पाच वर्षांनी पणतवंडांना हात जोडायचे. अशा वेळी जुन्या मराठी घरातली एखादी आजी सवयीने आधी स्वतःच वाकते, आणि मागणारा कोण, देणारा कोण, याचा घोळ होतो.

सभागृहात विधायकजी काय करतात? बसतात. खरं काम रब्बीत असतं. गव्हाला पाणी द्यायच्या ऐन वेळी गावची डीपी जळते आणि रात्री दोनला त्यांचा फोन वाजतो. कायदे करायला निवडलेला माणूस अंथरुणात बसून वीज कंपनीच्या इंजिनिअरशी ऑइल आणि कॉइलवर बोलू लागतो. लोक याला हसतात. मला त्याचं कौतुक वाटतं. कायदा पुढच्या अधिवेशनातही होईल, गहू तेवढा थांबत नाही.

पडल्यावरही पत्रिका येतात. फरक इतकाच, की आता ते जेवून जातात. डीपी जळाली की जुन्या सवयीने लोक त्यांनाच उठवतात, तेही जुन्या सवयीने नंबर फिरवतात.

"हॅलो, विधायक बोल रहा हूँ."

पलीकडचा इंजिनिअर नवा असतो. "वर्तमान या पूर्व?"

विधायकजी घसा साफ करतात. "भावी!"