बावळट चोर आणि ताशी 5 मैल

अर्व्हाइन, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबा यांस सा. न.

कुकर लावलाय, होईल तेवढं लिहिते. पार्सल पोचलं. आई, मेतकुटाची पुडी बाबांच्या मोज्यात घालायची कल्पना कुणाची? बाकरवडीचा चुरा झालाय, पण तो चमच्याने संपतोय.

बाबा, फोनवर तुमचा आवाज असा काळजीचा होता, जणू आम्ही पॅसिफिक ओलांडायला निघालोय. न्यूपोर्ट बीचच्या बंदरात तासभर विजेवरची होडी चालवली, बस्स. तीही ताशी 5 मैलांनी, कारण जास्त वेगाला परवानगीच नाही. दिवाळीत लक्ष्मी रोडवर रिक्षासुद्धा याहून बरी जाते. एक पेलिकन शेजारून पोहत पुढे निघून गेला. भाडं तासाला शंभर डॉलरच्या वर! यांनी तिथल्या तिथे रुपये केले आणि मग बराच वेळ बोललेच नाहीत. त्यात तेरा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जाकीट सक्तीचं. अथर्वला पुढच्या महिन्यात तेरा पूर्ण होतील. तेवढ्यावरून त्याने होडीवाल्याशी पुणेरी हुज्जत घातली. आजोबांवर गेलाय.

हा सगळा खटाटोप 'द बोटनिक्स'पायी. डिस्नेचा 1970चा हा सिनेमा घरी पाहिला, तो घडतो इथेच न्यूपोर्टला. एक धांदरट तटरक्षक अधिकारी, एकमेकांवर होड्या आदळणारे हौशी लोक आणि चोरलेले दागिने सहलीच्या खाण्यात दडवणारे तीन बावळट चोर. फिल सिल्व्हर्स त्यांचा म्होरक्या. दागिने गेले समुद्राच्या तळाशी! अथर्व ओरडला, "पणजीचे तांदळाच्या डब्यातले दागिने!"

यांचं म्हणणं, 'गंमत जंमत'मधल्या अशोक सराफ-सचिनपुढे हे चोर अगदीच अळणी. पटलं मला. पण खरं सांगू? मध्यंतरात वडे आणायला बाबा उठले नाहीत, तर सिनेमा पाहिल्यासारखंच वाटेना. मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

असो. माईमावशीने गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं? बिल्डरने पार्किंगचं लेखी दिल्याशिवाय सही करू नका. आणि मंजूच्या सासूबाईंनी आहेराची पैठणी परत केली म्हणे! आई, सगळं सविस्तर लिही. फोनवर नको, बाबा स्पीकर लावतात आणि खालच्या काकूंना ऐकू जातं.

तुमची,
चिऊ