सव्वा रुपया प्राप्त झाला

शनिवारची मारुतीची आरती ऐन रंगात आली होती. टाळ एका लयीत, घंटा दुसऱ्या लयीत, म्हणजे सगळं नेहमीसारखं. तेवढ्यात गाभाऱ्याच्या उंबऱ्याजवळून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "एकशे एक रुपये प्राप्त झाले." झांज वाजवणारं पोरगं ठेका सोडून मागे वळलं. मागे एक गृहस्थ मोबाइल खिशात सरकवत, डोळे मिटून, लीन होऊन उभे. सगळ्यांनी पाहिलं की नाही हे बघायला एक डोळा किलकिला ठेवावा लागला, तेवढीच काय ती लीनतेत कसर.

अर्जुनी मोरगावातलं हे देऊळ कोणतं, ते सांगत नाही. दानपेटी जुनीच आहे, तिच्या डोक्यावर मोबाइलवरून आलेले पैसे पुकारणारी बोलकी डबी तेवढी नवी. आजच्या काळात श्रद्धेचं मूल्य काय, यावर शहरात व्याख्यानमाला भरवतात म्हणे. आमच्याकडे ते दर पाच मिनिटांनी जाहीर होतं, पैशांसकट.

परवा एका ठेकेदाराने पाचशे पाच रुपये वाहिले. एकशे एक, पाच वेळा. एकदम वाहिले असते तर बाई एकदाच बोलली असती ना! हाच चोखपणा त्याने रस्त्याच्या डांबराला लावला असता, तर देवळापर्यंत येताना आमची कंबर शाबूत राहिली असती. पुजारीही आता कानाने प्रसाद वाटतो. अकरा ऐकू आले की साखरफुटाणे, एकशे एकला खोबऱ्याचा तुकडा, पाचशे एकला अख्खी वाटी आणि वर चौकशी, "पोरीचं जमलं का कुठं?" गंमत पुढेच आहे. समोरच्या पानठेल्यावरही तीच डबी, तीच बाई, तोच गोडवा. तिकडे कुणी खर्रा घोटून घेतला की इकडे आवाज येतो, "तीस रुपये प्राप्त झाले," आणि पुजारी तीर्थाची पळी घेऊन भक्त शोधत फिरतो. मागच्या शनिवारी तर एकाने ठेल्यावरची सहा महिन्यांची उधारी चुकवली. आवाज ऐकून सभामंडपातले चौघे जण हात जोडून उठले आणि वाट देऊन बाजूला झाले. दाता काही आत आला नाही. तो तोंडात खर्रा भरून सायकलवर टांग टाकून गेला.

आमचे आजोबा मूठ झाकून पेटीत पैसे टाकायचे. शेजारच्याला कळलं तर पुण्य फिटतं, असा त्यांचा हिशेब. त्याला गुप्तदान म्हणत. आयकर कायद्यालासुद्धा त्याची बूज आहे. निनावी देणग्यांवर 30 टक्के कर लावायचं 2006 च्या वित्त कायद्यात ठरलं, तेव्हा निव्वळ धार्मिक संस्थांना त्यातून वगळलं. दिल्लीला जे कळलं ते डबीला कळेना. महाशिवरात्रीला आमच्याकडच्या प्रतापगडावर पोहे, म्हणजे भक्तांचे जथे, पायी येतात. तिथे महादेव आहे, दर्गाही आहे, आणि कोण काय नवस बोलला ते बरोबर चालणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गोठणगावची तिबेटी वसाहत 1972 पासूनची. ती माणसं प्रार्थना कापडावर छापून वाऱ्यावर सोडतात, वारा कुणाचं नाव पुकारत नाही.

डबीने एक उपकार मात्र केला, तो मान्य करतो. देवाचा हक्काचा आकडा सव्वा. पण 30 जून 2011 नंतर चार आण्याचं नाणं चलनातून गेलं आणि सव्वा रुपया वाहणं रोखीत अशक्य झालं. आता जमतं. एका म्हातारीने नातवाच्या मोबाइलवरून वाहिला. डबी बोलली, "एक रुपया पंचवीस पैसे प्राप्त झाले."

आणि देऊळ हसलं. पाच वेळा एकशे एक वाहणारा सगळ्यात मोठ्याने हसला.

म्हातारीने मला विचारलं, "मास्तर, हे डबी काहून वरडते गा?" काय सांगू तिला? तिच्या घरचं खरिपाचं धान खरेदी केंद्रावर मोजून झालं, उन्हाळी धानाची रोवणी झाली, चुकारे अजून नाहीत. कागद दिले, आधार दिलं, अंगठा दिला. अंगठा यंत्र घेत नाही, कारण जन्मभर चिखलात रोवणी करून त्याच्या रेषाच झिजल्यात. "उद्या या" म्हणतात. हिचा सव्वा रुपया देवाच्या खात्यात जायला तीन सेकंद, आणि हिच्याच घामाचा पैसा हिच्या खात्यात यायला महिनोन्महिने? मोबाइल तोच, बँका त्याच! मग बसवा की एक डबी हिच्या घरीही, चूलखंडावर. ओरडू द्या तिला भर दुपारी, साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं, "चुकारे प्राप्त झाले." नाही बसवणार. बसवलीच तर कोळी तिच्यात जाळं विणेल, पाली अंडी घालतील, पण ती तोंड उघडायची नाही. आणि ही म्हातारी तरी दर शनिवारी देवळात येते, सव्वा रुपया घेऊन. तिला हसता?

या शनिवारी ती नातवाला न घेता आली. पदराची गाठ सोडून दोन रुपयांचं नाणं काढलं, पेटीत टाकलं आणि पुजाऱ्यापुढे हात पसरून उभी राहिली.

"बारा आने वापस दे, बाबू."

आरती संपली तरी पुजारी सुटे शोधत होता.