चतुराचं गणगोत

टेक्सासात आमच्या घरापासून तासाभरावर नानांचं आठ एकर रान आहे. गवत कापून विकलं की जमिनीवर शेतीचा, म्हणजे कमी कर लागतो, हे ट्रॅक्टर घेण्याचं काकूंना सांगायचं कारण. खरं दुखणं वेगळं. तासगावच्या द्राक्षबागेत वाढलेला माणूस तीस वर्षं कीबोर्ड बडवत बसला, की हाताला स्टिअरिंगची खाज सुटते.

नानांनी घेतला तो यानमारचा वायएम २०००. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, वय थोरल्या लेकीपेक्षा जास्त. उमेद जपानात गेली, म्हातारपणी बोटीत बसून इकडे आला. कंपनीने हा अमेरिकेत विकलेलाच नाही, परस्पर आलेला. अशा मालाला इथे ‘ग्रे मार्केट’ म्हणतात. त्याच्या पाट्या सगळ्या जपानीत. नानांनी त्यांवर चिकटपट्ट्या लावून मार्करने मराठीत लिहिलंय : ‘ओढला की बंद’, ‘हळू’, ‘उगाच हात लावू नये’.

घेताना मी सोबत होतो. विकणाऱ्याला वॉरंटी विचारली. त्याने तंबाखूची पिंक टाकली आणि अंगठ्याने फाटक दाखवलं. तिथपर्यंत!

“माणूस सच्चा आहे,” नाना खूश होऊन म्हणाले. “थाप तरी मारली नाही.”

मी क्युबोटाचा दाखला दिला. अशाच परस्पर आलेल्या जुन्या ट्रॅक्टरांविरुद्ध ती कंपनी भांडली आणि १९९९ साली इथल्या अपील कोर्टातही जिंकली. नाना ढिम्म. “तो क्युबोटा. हा यानमार. ‘यानमा’ म्हणजे जपानीत चतुर, तळ्यावर उडतो तो. त्यावरून नाव पडलंय कंपनीचं.” या व्यवहारात चतुर कोण ठरलं, हे मी विचारलं नाही. काकूंनी मात्र, उलटला तर डोकं वाचावं म्हणून मागे लोखंडी कमान बसवल्याशिवाय सीटवर चढू दिलं नाही.

पार्टचं विचारलंत तर नाना वंशावळ काढतात. “अरे, इथे विकलेला वायएम २४० म्हणजे याचा सख्खा भाऊ. जॉन डिअरचे ८५० आणि ९५० यानमारनेच बांधून दिलेले, ते चुलतभाऊ. अडीअडचणीला सील-फिल्टर कुणी ना कुणी देतंच.” दुकानात फोन लावला की आधी पार्टचा नंबर नाही, नातं सांगतात. पलीकडचा गोरा म्हातारा एव्हाना सरावलाय. नंबर उतरवायला हाताशी येते काकूंची रेसिपीची वही; भाजणीच्या प्रमाणाखाली क्लच प्लेट, अनारशांच्या समासात ऑइल सील. गेल्या दिवाळीत काकू चार वाट्या तांदळाखालचा आठ आकडी नंबर बराच वेळ वाचत होत्या.

मग मार्चमध्ये नानांनी आणखी एक वायएम २००० आणला. बंद पडलेला, भंगाराच्या भावात. “पार्टसाठी,” म्हणाले. खोलून बघतात तर याचं इंजिन पहिल्यापेक्षा तब्येतीत. चार रविवार नाना जमिनीवर आडवे. मी गेलो तेव्हा पहिला विटांवर उभा होता, पुढची चाकं काढलेली, रेडिएटरही गेलेला. दुसरा धडधडत होता आणि नाना त्याच्यावर चिकटपट्टी लावत होते.

“याला तरी वॉरंटी आहे का?” मी ओरडून विचारलं.

“आहे की!” म्हणत त्यांनी मार्करनेच विटांवरच्या पहिल्याकडे बोट दाखवलं.