पद्मिनीची गादी

वहिनी, ओ वहिनी! या की जरा जास्वंदीपाशी. तिथून बोलले तर अण्णांच्या पडवीत ऐकू जाईल, आणि बोलायचंय त्यांच्याबद्दलच.

नाही हो, भांडण कसलं! काल दिवसभर माझ्या ओटीवर त्यांच्या गाडीची मागची सीट उताणी पडली होती, पाहिली नाहीत? येणारा-जाणारा विचारत होता, सोफा घेतलात का. म्हटलं हो, चाकं यायची आहेत.

तीच ती प्रीमियर पद्मिनी, ७८ सालची. काकूंच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांच्या वडिलांनी घेतलेली. तेव्हा काय, पैसे भरायचे आणि नंबर कधी लागतो त्याची वाट बघत बसायचं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघायच्या या गाड्या. आधी फियाट, मग प्रेसिडेंट, आणि ७४ पासून पद्मिनी. राणीचं नाव दिलं आणि जन्मभर टॅक्सी म्हणून राबवली बिचारीला! मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली, ती बातमी वाचून अण्णांना भरून आलं. दुसऱ्या दिवशी गाडीवरची ताडपत्री काढली. काकू म्हणतात, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला एवढं भरून आलं नव्हतं.

आता गंमत ऐका. गाडी उघड्यावर आल्यापासून आळीतला एकेक बाप्या येतो, बॉनेट उघडतो, आत डोकं घालतो. एक म्हणतो १०८९ सीसी, दुसरा म्हणतो आता असं लोखंड मिळत नाही. तिसरा बोरघाटात गाडी तापल्यावर पेट्रोलच्या पंपाला ओला फडका गुंडाळून ती लोणावळ्याला कशी पोचवली ते सांगतो. प्रत्येकाची गोष्ट तीच, फडका तेवढा निराळा. पण दार उघडून बसायची जागा बघितली का कोणी? मी बघितली. नाकाला पदर लावून.

आपल्याकडचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा. माथेरान-प्रबळचे ढग आपल्याच डोक्यावर रिकामे होतात. कपाटातल्या शालूला बुरशी धरते, मग पडवीत उभ्या गाडीचं काय होणार? छताचं अस्तर लोंबत होतं, दारांची पॅडं फुगून पोपडे धरलेली. रबरी मॅट उचलली तर खाली पत्राच नाही, थेट शेणानं सारवलेली जमीन! काचांचं रबर वाळलेलं, तिथून पाणी झिरपायचं आणि मॅटखाली साचून राहायचं. अण्णा म्हणत होते आधी सीट शिवू, दिसायला बरं वाटेल. म्हटलं, आधी पत्र्याला ठिगळं लावा, रेड ऑक्साइड मारा, रबरं बदला. नाहीतर नव्या गादीला पहिल्या श्रावणातच वास मारेल. ऐकलं माझं. काकूंचं ऐकत नाहीत, माझं ऐकतात, त्यावरून काकू दोन दिवस फुगल्या, ते वेगळं.

मग सीट उसवायला घेतली. अण्णा कात्री घेऊनच आले होते. मी हातच धरला. अहो, जुनं कव्हर म्हणजे फर्मा! ते टराटरा कापलं तर नवं कशावरून बेतणार? शिवण शिवण उसवली, प्रत्येक तुकड्यामागे खडूनं नंबर घातला, वर कुठली बाजू, खाली कुठली, तेही लिहिलं. मग तो तुकडा जाड कागदावर ठेवून भोवती रेघ मारायची, आणि ओढ लागून जिथं तो ताणलाय तिथं थोडं आत घ्यायचं. ब्लाउजचं तरी दुसरं काय असतं?

आत काय निघालं विचारा. वर सडका फोम, खाली काथ्याची गादी, तिचा हात लावताच भुगा. त्याखाली गोणपाट, आणि मग स्प्रिंगा. स्प्रिंगा मात्र खणखणीत, दोनच तुटल्या होत्या. काथ्यात उंदरांचा तीन पिढ्यांचा संसार. चार आण्याची नाणी निघाली, आता कोणी घेईल तर शपथ. आणि वहिनी, हे कुणाला बोलू नका हं, एक मोत्याची कुडी निघाली!

हो, तीच. नणंदेच्या लग्नातली. पालीहून येताना हरवली म्हणून काकूंनी धाकट्या जावेवर संशय घेतला होता, आठवतंय ना? पुढची कितीतरी वर्षं दोघी हळदीकुंकवालासुद्धा एका सतरंजीवर बसल्या नाहीत. कुडी स्प्रिंगेत अडकून बसलेली. काकूंनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि मला म्हणतात कशा, "हीच कशावरून?" मी गप्प बसले. जावेला कळवलंय की नाही, देव जाणे. तुम्हाला काही कानावर आलं तर सांगा.

असो. रेक्झीन आणायला अण्णा एसटीनं पनवेल आणि तिथून लोकलनं कुर्ल्याला गेले. सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचं सामान हिंडून बघायची हौस भागवली आणि रेक्झीन आणलं मोजून. मी विचारलं, नळ्या धरल्यात का? नळ्या म्हणजे सीटवरच्या त्या उभ्या फुगीर पट्ट्या हो. रेक्झीन, खाली पातळ फोम, त्याखाली मांजरपाट, तिन्ही एकत्र घेऊन ओळीत शिवण मारायची. प्रत्येक नळी थोडं थोडं कापड खाते. ५४ इंची पन्हा बघून माणूस खूश होतो आणि शेवटच्या दाराशी येऊन हात हलवतो. पुन्हा गेले कुर्ल्याला. काकू म्हणाल्या, आता तिथंच खोली घ्या.

बरं, रेक्झीनची शिलाई म्हणजे खेळ नाही. साडीचा फॉल लावायची सुई तिथं चालत नाही, १८ नंबरची लागते. दोरा नायलॉनचा. सुती घातला तर आपल्या हवेत कुजतो. रेक्झीन मशीनच्या पायाला चिकटतं, पुढे सरकत नाही, म्हणून शिवणीच्या वाटेवर बोटानं पावडर लावायची. हो, तोंडाचीच! काकूंचा आख्खा डबा संपवला. आणि टाका मोठा घ्यायचा, इंचाला सहा-सात, बस्स. बारीक टाका घातला की भोकं जवळजवळ पडतात आणि पोस्टाच्या तिकिटासारखं सरळ रेषेत फाटतं. कापडाचं भोक धुतल्यावर मिटतं, रेक्झीनचं जन्मात मिटत नाही. म्हणून टाचण्याही टोचायच्या नाहीत. उसवून पुन्हा शिवू म्हणायची सोय नाही त्यात. अण्णांनी एक पट्टी स्वतः शिवून बघितली. ती आता मांजराच्या अंगाखाली आहे.

फोम मात्र चांगला आणलाय, चाळीस डेन्सिटीचा. म्हणजे घनमीटरभर फोमचं वजन चाळीस किलो. मऊ मऊ लागतो म्हणून हलका घेतला की वर्षात खड्डा. आणि तो कव्हरपेक्षा बोटभर मोठा कापायचा, म्हणजे कव्हर भरून येतं. चढवायच्या आधी रेक्झीन तासभर उन्हात टाकलं, नरम पडलं, मग मधून सुरुवात करून कडांकडे ओढत नेलं. अण्णा पकडीनं कड्या दाबतायत, मी ओढतेय, काकू चहा घेऊन उभ्या आणि सुरकुती दाखवतायत. सुरकुती नसलेल्या ठिकाणीसुद्धा.

छत अजून बाकी आहे. ते चिकटवलेलं नसतं, अस्तराला वरून नेफे असतात आणि त्यात लोखंडी काड्या. प्रत्येक काडीचा बाक वेगळा. अण्णांच्या भाच्यानं सगळ्या काड्या एकदम उपसून अंगणात ठेवल्या, नंबर न घालता. आता रोज संध्याकाळी मामा-भाचे काड्या लावून बघतात.

त्या भाच्याला छत फुलाफुलांचं हवंय, मुंबईच्या टॅक्सीत असायचं तसं, आणि नळ्या लालभडक. अण्णा म्हणतात मूळचाच फिका रंग, कारण पन्नास वर्षं झाली की व्हिंटेज म्हणून नोंद करायची, व्हीए-वाली पाटी घ्यायची. म्हणजे २०२८ मध्ये. भाचा म्हणतो नियमात चेसिस, बॉडी आणि इंजिन बदलू नका एवढंच आहे, गादीचं कुठे लिहिलंय? वीस हजार फी आहे नोंदणीची, आणि काकूंना ती अजून सांगितलेली नाही. माझं विचाराल तर फिकाच बरा. लाल रेक्झीनवर मे महिन्यात बसून दाखवा म्हणावं.

मजुरी? घेणार तर! आणि पहिली फेरी महडच्या गणपतीला, पुढच्या सीटवर मी. पद्मिनीत पुढे सलग बाक, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, तेव्हा तिघं ऐसपैस बसतात. मधली जागा काकूंनी आधीच मागितलीय, अण्णांवर लक्ष ठेवायला.

अहो, मुद्द्याचं राहिलंच. तुमच्याकडचे कपड्यांचे चिमटे द्या ना चार दिवस. दारांच्या पॅडावर रेक्झीन डकवायचंय, सोल्युशन धरेपर्यंत कडा दाबून ठेवायला हवी. लाकडी असतील तर लाकडीच द्या, प्लास्टिकचे ताण आला की टणकन उडतात. कालच एक भाच्याच्या कपाळावर बसला.