उद्देशाचा रकाना

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आलं. त्याच्या पोटात एक अशी अट आहे की ती लिहिणारा माणूस आयुष्यात कधीतरी तलाठी कार्यालयात बसलेला असावा, अशी मला दाट शंका आहे.

कलम तसं सरळ आहे. गाण्याची नक्कल होऊ नये म्हणून कंपनीने डिजिटल लॉक घातलं आणि हक्क बुडवायच्या हेतूने तुम्ही ते तोडलंत, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. मग सवलती येतात. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी लॉक काढलं तर गुन्हा नाही. दुसऱ्या कुणाला काढून दिलंत तरी चालेल; फक्त त्याचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील आणि लॉक कशासाठी काढलं तो उद्देश, याची पूर्ण नोंद ठेवायची.

हे वाचल्यापासून राजगुरुनगरच्या एसटी स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानांकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. मधल्या काळात या दुकानांचा निम्मा धंदा ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ या पाटीवर चालायचा. बाजाराच्या दिवशी तालुका खेडला यायचा (गावाचं नाव हुतात्मा राजगुरूंवरून बदललं, पण कंडक्टर आणि पाव्हणेरावळे अजून खेडच म्हणतात) आणि जाताना खिशातून गाणी घेऊन जायचा. त्या प्रत्येक काउंटरवर कायद्याबरहुकूम लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर असतं तर? गाव कडूस, उद्देश: भावाची हळद. गाव दावडी, उद्देश: रात्री ट्रॅक्टरवर डोळा लागू नये. गाव निमगाव, उद्देश: बैलगाडा घाटात पहिला आला तर लावायला, नाही आला तर नाही. मुक्काम चाकण, रात्रपाळी. उद्देश: कंपनीच्या बसमध्ये शेजारच्याचं घोरणं ऐकू येऊ नये. गाव चास, उद्देश: आईला आवडायचं. ‘हक्क बुडवणे’ असा उद्देश सबंध रजिस्टरात एकही सापडला नसता. सापडलाच असता, तर त्या गृहस्थाचा ग्रामपंचायतीने सत्कार करायला हवा होता.

खरं तर या दुकानांना लॉक तोडायची वेळच येत नसे. गाणी आधीच कुठून तरी उघडी होऊन यायची, आणि दुकानदार नुसता भरणारा. ही उघडउघड चोरी होती. तिच्यावर प्रेमाचा मुलामा चढवण्यात अर्थ नाही. गीतकार-संगीतकारांच्या हातात तेव्हा फारसं काही पडत नव्हतं. मात्र त्यात मेमरी कार्डवाल्यांपेक्षा मोठा हात एकरकमी करारांचा होता, म्हणून तर त्याच २०१२ च्या दुरुस्तीत रॉयल्टीतला त्यांचा वाटा कंपनीला लिहून देता येणार नाही अशी सोय करावी लागली. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले होते.

तरीही आपल्या कायद्याची मला गंमत वाटते ती त्याच्या चौकशीखोर स्वभावामुळे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात लॉक तोडलं हेच मुख्य पाप. कशासाठी तोडलं हे विचारायला वाव कमी. आपला कायदा आधी नियत विचारतो. गाण्याच्या बाबतीत ही त्याची जुनीच खोड आहे. लग्नाच्या वरातीत गाणी वाजवली तर हक्कभंग नाही, असं त्यात वरातीचं नाव घेऊन म्हटलं आहे. आता वरात कुठे संपते आणि हॉटेलातला धंदा कुठे सुरू होतो, यावर भांडणं होणारच. गोवा सरकारने याबाबत काढलेलं परिपत्रक २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलं. आमच्या भागात डीजेपुढे नाचणाऱ्यांना या कशाचा पत्ता नसतो, तो भाग वेगळा.

कॅसेटच्या काळातलं लॉक साधं होतं. पाठीवरची प्लास्टिकची टिकली मोडली की कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नसे, आणि त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला की पुन्हा होई. म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच घरात. पुढे सीड्या आल्या आणि किल्ली कंपनीकडे गेली. २००२ च्या सुमारास एका जातीचं लॉक सीडीच्या कडेला मार्कर पेनने रेघ ओढली की निकामी व्हायचं. कंपनीने केलेल्या बंदोबस्ताला स्टेशनरीच्या दुकानाने हरवलं. २००५ साली सोनी बीएमजीने तर काही सीड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर घातलं, की सीडी लावली की ते कॉम्प्युटरमध्ये लपून बसे आणि व्हायरसला आयती वाट करून देई. त्यावर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००७ मध्ये कंपनीला बजावलं: लॉक असेल तर तसं वेष्टनावर ठळक छापा, आणि कॉम्प्युटर बिघडलेल्यांना दुरुस्तीचे १५० डॉलरपर्यंत द्या. वेष्टनावर छापा, ही मागणी आपल्याला नवी नव्हती. कॅसेटवर बनवणाऱ्याचं आणि हक्कदाराचं नाव-पत्ता छापलाच पाहिजे, हे आपल्या कायद्यात १९८४ पासून आहे. लॉकबद्दल मात्र तसं एक अक्षर नाही. काढून घेणाऱ्याने नाव, गाव, उद्देश सांगायचा. लावणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही.

आता सीडीही गेली. गाणी अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ असतात, फोनची जागा खातात आणि महिन्याचे पैसे संपले की गप्प बसतात.

“आरं, गाणी हायेत की हितं, दिसत्यात. वाजंना का?”

“आण्णा, प्लॅन संपला.”

“गाण्याचा?”

यावर पोराकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

आणखी एक घोळ आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांचा. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या तबकडीवरचा हक्क २०२५ च्या ३१ डिसेंबरला संपतो. शब्दांचा आणि चालीचा हिशेब निराळा, तो माणसाच्या मृत्यूपासून साठ वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत राखीव. पण एखाद्या तबकडीचे सगळेच हक्क संपले, तरी तिच्या डिजिटल प्रतीवरचं लॉक काही १ जानेवारीला आपोआप गळून पडत नाही. त्याच्यात कॅलेंडर नसतं. ते तेव्हा काढायला आपला कायदा हरकत घेत नाही. फक्त काढून देणारा माणूस शोधावा लागेल, आणि खेडचे मेमरी कार्ड भरणारे आता टेम्पर्ड ग्लास बसवतात.