पेठनाक्यापासून पिवळा दिवा

उसाच्या हंगामात इस्लामपूरला मोटारीनं जाणाऱ्यानं घड्याळ घरी ठेवून निघावं. पेठनाक्याला महामार्ग सोडला की पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्याच्यापुढं तसाच दुसरा, त्याच्यापुढं बैलगाडी. आणि सगळ्यांना साखर कारखाना गाठायचा असतो. २०२५ मध्ये सरकारनं गावाचं ईश्वरपूर केलं. नवं नाव तोंडात बसायला या रांगेत भरपूर वेळ मिळतो.

आमच्या दाजींनी ‘ऑटो होल्ड’वाली गाडी घेतली होती ती असल्या रांगांसाठीच. गाडी थांबली की ब्रेकवरचा पाय काढायचा. ब्रेकच्या तेलाचा दाब गाडी आपणच धरून ठेवते आणि ॲक्सिलरेटर दिला की सोडते. पांढरा दिवा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे धरलंय. पिवळ्याचा अर्थ सांगायच्या आतच पिवळा लागला. पाठोपाठ एबीएसचा, मग ईएससीचा. मागच्या सीटवरून आत्या म्हणाल्या, “दृष्ट लागली.”

गाडी कडेला घेतली. बंद पडलेल्या गाडीजवळ इकडं दोनच माणसं थांबतात. चालू गाडीत दिवा लागलाय म्हटल्यावर घोळका झाला.

“पावणं, बेल्ट लावलाय न्हवं?” प्रश्न मार्मिक होता. बेल्ट नसला किंवा दार उघडं असलं तर हे होल्ड काम करत नाही. पण दाजींना तो चारित्र्यावरचा संशय वाटला. दुसरा म्हणाला, “बॅटरीचं टर्मिनल काडा घटकाभर, गाडी समदं इसरती.” तिसऱ्यानं दिव्यावर चिकटपट्टी लावायला सांगितलं, त्याच्या जीपला ती दोन वर्षं चाललीय म्हणे. इथं जवळच राजारामनगरला १९८३ पासून अभियांत्रिकी कॉलेज आहे, तिथं ऑटोमोबाईलही शिकवतात. तिथलं कुणी हजर नव्हतं, पण उणीव भासली नाही.

एवढ्यात चढावर थांबलेल्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर खाली उतरला. त्याच्या पोरानं ट्रॉलीच्या चाकामागं दगड सरकवला. “आमचं होल्ड ह्ये. ह्याला दिवा न्हाई,” म्हणत तो सरळ आमच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि आतून मूठभर पाचट ओढून काढलं. सकाळी नेर्ल्याच्या पाहुण्यांचा तोडलेला फड बघायला दाजींनी गाडी थेट फडात घातली होती. चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर पाचटानं ओढली होती. एका चाकाचा हिशेब लागेना, म्हणून तिन्ही दिवे भावकीसारखे एकदम रुसले होते.

त्यानं जोडणी दाबली, टक् आवाज झाला. दिवे मात्र तसेच.

“लगीच जायचं न्हाईत. गाडी जरा पळवाय लागंल, मग जात्याल,” तो म्हणाला. पोरानं दगड काढला, आणि ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्यांसकट आमच्याच पुढं लागला.